एका बैठकीतल्या गोळ्या

४ जानेवारी

कंपनीने यंदाही डायरी दिली. एरवी घरी आणली की मीना ती ताब्यात घेते आणि तिच्या पोळी-भाजी केंद्रात जेवणाऱ्या पोरांचे खाडे त्यात लिहिते. या वर्षी म्हटलं, ही माझी. ती म्हणाली, "तुम्ही काय लिहिणार?" म्हटलं, बघू.

लिहायचं कारण असं की घरात सध्या बोलायची चोरी आहे. नोव्हेंबरात मीनाचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. वजन एकशे अठरा किलो, शुगर वाढलेली, गुडघे गेलेले. डॉक्टरांनी जठराची अंड्याएवढी पिशवी ठेवली आणि आतडं खालून आणून तिला जोडलं. आता चार घासांत पोट भरतं. पण चार घासांतून अंगाला काय लागणार? आणि जे लागायचं तेही या नव्या वाटेने नीट शोषलं जात नाही. म्हणून गोळ्या. कॅल्शियम, लोह, व्हिटॅमिन. महिना-दोन महिने नाही, जन्मभर.

मी काही बोललो की निकिता, आमची मुलगी, पुण्याहून फोन करून मलाच झापते. "पप्पा, आईला टेन्शन देऊ नका." आता नवऱ्याने बायकोला टेन्शन द्यायचं नाही तर कुणाला द्यायचं?

७ जानेवारी

गोळ्यांचा बोजवारा उडाला आहे. कॅल्शियमच्या तीन, त्या दिवसातून तीन वेगवेगळ्या वेळेला. लोहाची वेगळी, व्हिटॅमिनची वेगळी. दवाखान्यातल्या संजना मॅडम, आहाराचं बघतात त्या, हे समजावून सांगत होत्या तेव्हा कंपनीचा फोन आला आणि मी बाहेर गेलो. सगळं मीनानेच ऐकून घेतलं. पण ऐकून उपयोग काय? दुपारी डबे भरायचे असतात, संध्याकाळी पोरं जेवायला येतात. गोळी राहते ती राहतेच.

आज मी सूत्रं हातात घेतली. सातपूरला इतकी वर्षं मशीन शॉप उगाच नाही सांभाळलं. आमच्याकडे साधा नियम आहे: जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, एकदा मशीनवर पकडला की जेवढं काम त्याच सेटिंगमध्ये होतं तेवढं उरकून घ्यायचं. दर वेळी जॉब काढा, परत लावा, त्यात वेळही जातो आणि चूकही होते. तेच इथे. सगळ्या गोळ्या सकाळी, एका बैठकीत, माझ्यासमोर. मी ड्युटीला निघायच्या आधी विषय संपला.

मीना म्हणाली, "वेगवेगळ्या घ्यायला सांगितल्यात हो."

म्हटलं, "पोटाला जड होऊ नये म्हणून सांगितलं असेल. आपण सावकाश घेऊ. मी बसतो ना तुझ्याजवळ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

९ जानेवारी

कॅल्शियमची गोळी चावून खायची असते. मीना म्हणते, पाटीवरची पेन्सिल खाल्ल्यासारखं वाटतं. घशाखाली उतरत नाही. म्हणून मी आज चहा केला. डायरीत नोंद करण्यासारखी गोष्ट आहे, कारण लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि हा माझ्या हातचा पहिला चहा. दूध भरपूर घातलं, म्हणजे तेवढंच कॅल्शियम जास्त. आलं ठेचून घातलं. पातेल्यातून थोडा उतू गेला, तो ती आत यायच्या आधी पुसला.

एक गोळी, चहाचा घोट. परत गोळी, परत घोट. आम्ही ओट्यापाशी दोन खुर्च्या टाकून बसलो होतो.

"कसा झालाय?"

"गोड जास्त झालाय," ती म्हणाली आणि कप रिकामा केला. तिला आता अर्ध्या कपाच्या वर काही जात नाही, तरी केला.

१९ जानेवारी

बैठक उत्तम चालू आहे. एकही गोळी चुकलेली नाही. निकिताला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "वा पप्पा!" तेवढंच आयुष्यात एकदा.

एकच तक्रार. मीना फार हळू खाते. एक गोळी चावायला म्हशीने रवंथ करावा तेवढा वेळ लावते, आणि मधेच काहीतरी विचारत बसते. कंपनीची बस किती भरलेली असते, कोण शेजारी बसतं. आज बस चुकता चुकता राहिली.

८ फेब्रुवारी

सेकंड शिफ्ट लागली. म्हणजे सकाळी मला घाई नाही. म्हटलं, आता तुझं तू घेशील ना? ती म्हणाली, "मला नाही जमत. तुम्ही बसलात की जमतं." बाई शिकलेली, पंचवीस पोरांचा स्वयंपाक एका हाताने करणारी, आणि हिला पाच गोळ्या जमत नाहीत. असो. बैठक साडेदहाला ठेवली.

वजन शहाण्णव. मोटरसायकलवर मागे बसली तर आता मागचा शॉकअप्सर ओरडत नाही. मी हे तिला सांगितलं तर पाठीत गुद्दा मिळाला. तोही पूर्वीपेक्षा हलका होता.

२२ मार्च

नाइट शिफ्टहून आलो की आधी चहा, बैठक, मग झोप. गोडाचं प्रमाणही जमलं आहे. मीना शेजारच्या लताबाईंना सांगत होती, "यांच्या हातचा चहा म्हणजे काय विचारू नका." मी आतून ऐकलं. मूठभर मांस चढलं.

केस मात्र फार गळतात तिचे. मॅडमनी म्हणे सांगितलं होतं, सुरुवातीला गळतात.

१४ एप्रिल

फ्रिजमधला बर्फाचा ट्रे सारखा रिकामा. आज चोर सापडला. मीना भर दुपारी ओट्यापाशी उभी राहून बर्फाचे खडे कडाकडा चावत होती. म्हटलं, खाऊ दे, उन्हाळा आहे. नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही.

परवा कच्चे तांदूळ तोंडात टाकताना दिसली. ऑपरेशनने भूक गेली, पण काय एकेक चवी सुचतात!

२९ एप्रिल

कळवणहून अक्का आली. चंद्रभागाअक्का, माझी मोठी बहीण. येताना नागलीचं पीठ, काळा गूळ, शेंगदाणे, असं सगळं पोत्यात घालून आली. मीनाला बघितलं आणि दारातच थबकली.

"काय रे निवृत्ती, ही अशी पांढरीफटक कशी झाली? अंगात रगत हाय का नाय हिच्या?"

म्हटलं, "अक्का, वजन उतरलंय तिचं. तेवढ्यासाठीच तर केलं."

"वजन उतरलं ते दिसतंय. पण जिना चढताना लय धापा टाकते ती. तू बघत नाय का?"

खरं सांगायचं तर नाही बघत. ती जिना चढते तेव्हा मी एकतर कंपनीत असतो नाहीतर झोपलेला.

७ मे

आज पोळ्या करताना मीनाच्या हातातून लाटणं पडलं. बोटं वाकडी होऊन तशीच राहिली, सरळ होईनात. मी चोळून चोळून सरळ केली. म्हणाली, "मुंग्या येतात अधूनमधून. ओठांनापण."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कुठे सांगत बसू?"

उरलेल्या पोळ्या अक्काने लाटल्या. पोरांनी जाड पोळ्या मुकाट्याने खाल्ल्या. मीना बाजूला बसून आपल्या हाताकडे बघत होती. हे केंद्र तिने स्वतःच्या हिमतीवर उभं केलं आहे. हात गेले तर तिचं काय राहिलं? मला भीती वाटली. एवढी ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती.

९ मे

विचार केला. जॉब रिजेक्ट झाला की आधी मटेरियल तपासायचं, मग सेटिंग, मग ऑपरेटर. सेटिंग मीच केलेलं असल्यामुळे तो प्रश्न नव्हता.

मटेरियल: मेडिकलवाल्याला गोळ्यांची बॅच दाखवली. तो म्हणाला, "काका, चांगल्या आहेत." तरी दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या.

ऑपरेटर: माझ्यासमोर चावते खरी, पण मी निघाल्यावर थुंकत असेल तर? ती लताबाईंकडे गेली तेव्हा गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या उकरून बघितल्या. गोळी नाही, दोन गांडुळं मिळाली. अक्का मागे येऊन उभी राहिली होती. "काय शोधतोस?" म्हटलं, "खत घालतोय." ती म्हणाली, "चमच्यानं?"

१७ मे

रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन आठच्या थोडं वर. ऑपरेशनच्या वेळी बारा होतं. कॅल्शियमही कमी. डॉक्टर म्हणाले, लोह सलाईनमधून द्यावं लागेल, आणि उद्या संजना मॅडमना भेटा, गोळ्या नियमित चालू नाहीत असं दिसतं.

नियमित चालू नाहीत! मला भयंकर राग आला. चार महिन्यांत एक खाडा नाही. उद्या मॅडमना सांगतो.

१८ मे

आज जे झालं ते नीट लिहितो.

मॅडमनी मीनाला विचारलं, "ताई, गोळ्या कशा घेता?" मीना काही बोलायच्या आत मीच सांगितलं. "एका बैठकीत. कॅल्शियमच्या तीन, लोहाची एक, व्हिटॅमिनची एक. मी स्वतः समोर बसून देतो. एकही चुकलेली नाही."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर. भरपूर दुधाचा, आलं घालून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, मीनाकडे बघितलं. मीना कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत होती.

"काका," मॅडम म्हणाल्या, "या गोळ्या पोटात जातात, अंगात जात नाहीत. शरीर एका वेळेला साधारण एका गोळीएवढंच कॅल्शियम घेतं. तीन एकदम दिल्यात तर उरलेलं बहुतेक वाया. कॅल्शियम आणि लोह एकत्र आले की लोह अडतं. वर चहा, तो आणखी अडवतो. दोन्हींत निदान दोन तास हवेत. आणि लोहाच्या आसपास चहा नकोच."

म्हटलं, "म्हणजे इतके दिवस..."

"इतके दिवस रक्तातलं कॅल्शियम भरून काढायला शरीर हाडांतून उचलत होतं. असंच वर्षानुवर्षं चाललं तर हाडं आतून पोकळ होतात. नुसतं ठेचकाळून मोडतात. वेळेत आलात." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी हे सगळं ताईंना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. चहाचंसुद्धा."

मीना तरीही वजनकाट्याकडेच बघत होती.

आम्ही बाहेर आलो. मोटरसायकल काढली. त्र्यंबक रोडपर्यंत आलो. सिग्नल लाल होता.

"तुला माहीत होतं?"

मागून म्हणाली, "होतं."

"मग बोलली का नाहीस? मी चहा करतोय, तू पितेयस, जीवाशी खेळ चाललाय..."

"आधी वाटलं, तुमची फर्स्ट शिफ्ट संपेपर्यंत राहू दे. मग नीट घेऊ. पण सेकंडला पण तुम्ही बसलात."

"मग?"

"मग काय मग? लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याजवळ असे नुसते बसलाय का कधी? मी उठते तेव्हा तुम्ही झोपलेले. तुम्ही जागे, तेव्हा मी पोळ्यांवर. वेगवेगळ्या वेळेला घ्यायच्या म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग घे तुझ्या तू."

मी हेच म्हणालो असतो. हेच शब्द.

"तुम्ही एवढं आलं ठेचून चहा करायचात," ती म्हणाली, "मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागून हॉर्न वाजत होते. मला गाडी पुढे काढता येईना. हेल्मेट होतं म्हणून बरं.

१९ मे

रात्रभर तिच्यावर रागावलो होतो. असं कुणी करतं का? बाई हाडं पोकळ करून घेईल पण तोंड उघडणार नाही. सकाळी उठून बघितलं तर ती सलाईनला जायची तयारी करत होती, वेणी घालत होती. केस किती थोडे राहिलेत. मग राग कुणावर धरायचा ते कळेना.

मीच शहाणा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझ्या बायकोला माझ्याजवळ पंधरा मिनिटं बसायची इतकी ओढ आहे हे मला मशीनवरच्या कुठल्याच गेजने दाखवलं नाही. ती गोळ्या हळू चावायची आणि मी म्हैस म्हटलं. इथेच लिहिलं आहे, वर.

मला मीना फार आवडते. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सलाईन चालू असताना सांगावं म्हटलं, तर नर्स आली.

२३ मे

नवीन सेटिंग. लोह सकाळी उठल्या उठल्या, लिंबूपाण्याबरोबर. मॅडम म्हणतात, लिंबाने ते चांगलं शोषलं जातं. कॅल्शियम अकराला, चारला आणि रात्री नऊला, एकेकच. व्हिटॅमिन दुपारी जेवणाबरोबर, त्यातही लोह असतं म्हणून कॅल्शियमपासून ते लांब. चहा संध्याकाळी, सगळ्यांपासून दूर.

अक्का हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे आता दिवसभर तुला बायकोपाशी बसावं लागणार! नोकरी सोडतोस का काय?"

मीना हसली. बोटांवर फुंकर मारत हसली. अजून मुंग्या येतात.

म्हटलं, "घरी असेन तेव्हा बसेन. नसेन तेव्हा फोन करीन."

"नको हो," मीना म्हणाली. "तुम्हाला कामं असतात. आता घेते मी."

१२ जून

अक्का परत गेली. फर्स्ट शिफ्ट. मशीनपाशी मोबाइल नेता येत नाही, म्हणून अकराला गेटवर जाऊन फोन करतो. आज आमचा ऑपरेटर दीपक मागे लागला. "साहेब, रोज अकराला कुणाला फोन?"

"बायकोला."

"भांडण चालू आहे का?"

"कॅल्शियम चालू आहे."

त्याला काही कळलं नाही. मीनाने फोन उचलला आणि "चावतेय" म्हणाली. मग खरंच चावायचा आवाज. मी गेटपाशी उभा राहून तो ऐकला. सिक्युरिटीवाला माझ्याकडे बघून लाजला.

३ जुलै

बर्फाचा ट्रे भरलेला आहे. चार दिवस झाले, कुणी हात लावलेला नाही. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, लोह कमी असलं की बर्फ, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. म्हणजे तिचं शरीर मला सांगत होतं आणि मी उन्हाळ्याला नावं ठेवत होतो.

२६ जुलै

रिपोर्ट. हिमोग्लोबिन अकरा. कॅल्शियम जागेवर येतंय. डॉक्टर म्हणाले, हाडांची तपासणी वर्षाने करू, पण आता दिशा बरोबर आहे. मी विचारलं, "गोळ्या कधी बंद होतील?" मीनाच म्हणाली, "जन्मभर आहेत हो. कितीदा सांगू?" आणि डॉक्टरांसमोर माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

संध्याकाळी तिने सगळ्या पोळ्या एकटीने लाटल्या. पातळ, टम्म फुगलेल्या. पोरं म्हणाली, "काकू, तुम्ही परत आलात!" ती कुठे गेली होती? इथेच तर होती.

१० ऑगस्ट

सुट्टीचा दिवस. लिंबूपाण्याला बसलो. अकराला बसलो. चारला बसलो, चौथ्या मिनिटाला ती म्हणाली, "आता उठा, मला भाजी निवडायचीय." म्हणजे आता हकालपट्टीही होते.

रात्री नऊची गोळी झाली, पोरं जेवून गेली. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो. मीना हात पुसत आली आणि दुसऱ्या खुर्चीत बसली. तिच्या हातात वाटी नव्हती, पाणी नव्हतं.

"कुठली राहिली?" मी विचारलं.

"कुठलीच नाही."

आणि ती बसूनच राहिली. गोळ्यांशिवाय आम्ही कशावर बोलतो? समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

मग तिनेच विचारलं, "अहो, तुमच्या कंपनीत बनतं तरी काय नेमकं?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतेय. नव्हती करत. अठ्ठावीस वर्षं तिने मला डबा दिला आणि मी कुठे काय करायला जातो हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने विचारलं असेलही कधी. मी झोपलेला असेन.

मी तिचा हात घेतला आणि तळव्यावर बोटाने काढून दाखवायला लागलो. इथे पाइप, इथून पाणी येतं, इथे ते अडवायचं असतं, त्या अडवणाऱ्या भागाच्या आतलं वाटोळं आम्ही घासून काढतो. केसाएवढासुद्धा फरक चालत नाही. ती वाकून बघत होती. "मग पुढे?" म्हणाली.

पुढचं मी सांगत गेलो.